वेल्डिंग आणि धातूजोड : रॉड, करंट, गॅस वगैरे सगळे प्रश्न इथेच विचारा

जुना_फिटर
दर थोड्या दिवसांनी "कुठला रॉड चांगला" किंवा "जोड का तुटला" असा नवा धागा निघतो आणि खाली जो तो आपापल्या आवडत्या रॉडचं नाव लिहून मोकळा होतो. म्हणून म्हटलं एकच धागा काढावा. फक्त प्रश्न टाकताना एवढं लिहा : धातू कुठला, जाडी किती, मशीन कुठलं आणि त्या जोडाला काय सोसायचंय. म्हणजे नुसतं उभं राहायचंय, हादरे खायचेत की आतला दाब धरायचाय. धातू माहीत नसेल तर कितीही हुशार माणसाचं उत्तर अंदाजपंचेच असणार.

नवा_होल्डर
मग मीच नारळ फोडतो. ३ एमएमचा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) अँगल, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, ६०१३ चा ३.१५ एमएम रॉड. रॉड सारखा चिकटतो. नाही चिकटला तर वरून बरं दिसतं पण स्लॅग (रॉडच्या कोटिंगचा वर जमलेला थर) झोडला की मध्येच खड्डे आणि काळे पट्टे निघतात. करंट ७० वर ठेवलाय कारण वाढवला की भोक पडेल असं वाटतं. आणि ते ६०१३ म्हणजे नक्की काय असतं?

शनिवारचा_मिस्त्री
७० वर ३.१५ चिकटणार नाही तर काय करणार 😄

जुना_फिटर
हसू नका हो, सगळ्यांचं सुरुवातीला हेच होतं. ३.१५ च्या रॉडला साधारण ९० ते १३० लागतात. तीन एमएमच्या मालाला भोकाची भीती असेल तर करंट पाडायचा नाही, रॉड बारीक घ्यायचा. २.५ चा रॉड घ्या, ७० ते ८५ मध्ये चालवा. करंट कमी ठेवून जाड रॉड चालवला की खालचं लोखंड पुरतं वितळतच नाही, वितळलेला रॉड नुसता वर बसतो.

ते काळे पट्टे म्हणजे आत अडकलेला स्लॅग. ६०१३ चा स्लॅग पातळ, तो वितळलेल्या धातूच्या पुढे पळतो आणि तुम्ही त्याच्यावरूनच पुढे जाता. रॉड थोडा तिरका धरून ओढत न्या, ढकलू नका, आणि आर्क (रॉड आणि कामामधली ठिणगी) आखूड ठेवा, रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढा. दुसरा पास (वेल्डिंगचा थर) मारण्याआधी पहिल्याचा स्लॅग पूर्ण काढायचा, कोपऱ्यातला पण. "वरच्या पासमध्ये जळून जाईल" असं सांगणारे भेटतील, जळत नाही.

नंबर सोपा आहे. ६० म्हणजे जोडातल्या धातूची ताणशक्ती चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे ४१५ मेगापास्कलच्या आसपास. त्यापुढचा १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावरचा, कुठल्याही पोझिशनला चालतो. शेवटचा आकडा वरच्या कोटिंगचा आणि कुठल्या करंटवर चालतो त्याचा.

ठिणगी
मग सरळ ७०१८ वापरायचा ना सगळीकडे, ७० हजारवाला. ताकद जास्त तर मग कमीचा घ्यायचाच कशाला.

धातुवेडी
ठिणगी, इथे गल्लत होते. साध्या एमएसची स्वतःची ताणशक्तीच ४०० मेगापास्कलच्या आसपास असते, त्यामुळे जोड ६०१३ चा असला तरी तो मूळ लोखंडाइतका असतोच, कमी पडत नाही. ७०१८ घ्यायचं खरं कारण म्हणजे त्यात हायड्रोजन कमी असतो आणि जोड जास्त चिवट होतो. हादरे, जाड प्लेट, थोडं जास्त कार्बनचं पोलाद असलं की ७०१८. गेटला जाळी जोडायला त्याची काही गरज नाही, उलट चालू करताना नवशिक्याला तो ६०१३ पेक्षा जास्त त्रास देतो.

आणि पुडकं फोडून महिनाभर उघडं पडलेला ७०१८ हा लो हायड्रोजन राहिलेलाच नसतो. कोटिंग हवेतली ओल पिऊन बसतं, आर्कमध्ये त्या पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो गरम धातूत शिरतो. असे रॉड ३००-३५० अंशाला तास-दोन तास भाजून घेतात आणि मग साधारण १२० अंशाच्या पेटीत ठेवतात. नेमका आकडा पुडक्यावर असतो, तो पाळा.

शनिवारचा_मिस्त्री
म्हणजे सगळेच रॉड भट्टीत टाकायचे का

धातुवेडी
अजिबात नाही. ६०१० आणि ६०११ च्या कोटिंगमध्ये सेल्युलोज असतं, त्यांना थोडी ओल लागतेच. ते भाजले की आर्क बिघडतो आणि रॉड वाया जातो. ६०१३ दमट वाटला तर हलका, शंभराच्या थोडं वर, तेवढंच.

पाटा_तुटला
माझी केस बघा. लीफ स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होता, त्याला एमएसचं ब्रॅकेट ७०१८ ने जोडलं, नवीन पुडकं होतं, रॉड ओला नव्हता. वेल्डिंग एक नंबर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी हात लावला तर वेल्डिंग शाबूत आणि त्याच्या कडेने पाटा सरळ चिरलेला!! कुणी ठोकलं पण नव्हतं. हे कसं काय?

धातुवेडी
तुम्हीच उत्तर लिहिलंय की, "वेल्डिंग शाबूत, कडेने चीर". पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो (साध्या एमएसमध्ये पाव टक्क्याच्या खाली). वेल्डिंगच्या लगतचा पट्टा लाल होतो आणि बाजूचा थंड पाटा त्याची उष्णता झपकन ओढून घेतो. म्हणजे पाण्यात बुडवून कडक केल्यासारखंच झालं ते. तिथे मार्टेन्साइट तयार होतं, अतिशय कडक आणि ठिसूळ. त्यात थोडा जरी हायड्रोजन असला आणि जोड आकसताना ताण आला की चीर जाते. लगेच जाईल असं नाही, काही तासांनी जाते, कधी ४८ तासांनी. म्हणून महत्त्वाच्या कामात तपासणी दोन दिवस थांबून करतात.

उपाय म्हणजे जोडायच्या आधी पाटा ३०० अंशाच्या आसपास तापवायचा, काम संपेपर्यंत तापलेला ठेवायचा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचा. पाणी ओतायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. पण एक गोष्ट ठळक लिहिते : हे ब्रॅकेट-बिकेटसाठी ठीक. गाडीखाली वजन घेणारा पाटा वेल्डिंग करून परत बसवू नका. स्प्रिंगचं टेंपर (तापवून आणलेला चिवटपणा) त्या जागी गेलेलं असतं, ते घरी परत येत नाही.

वाकडी_पट्टी
माझं नावच माझा प्रश्न आहे. चौकोनी फ्रेम करते, टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारताना काटकोन बरोबर असतो, पूर्ण वेल्डिंग झालं की पतंग होतो. क्लॅम्प लावले तरी, क्लॅम्प काढला की फटकन फिरते.

जुना_फिटर
वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला जोड आहे त्या बाजूला फ्रेम ओढतो, हे थांबवता येत नाही, फक्त वाटून टाकता येतं. आधी चारही कोपरे टॅक करा, कर्ण मोजा. मग एका कोपऱ्यात थोडं, समोरच्या कोपऱ्यात थोडं, पलटून दुसऱ्या बाजूला थोडं. एक कोपरा सगळा संपवून पुढच्याकडे जायचं नाही. लांब जोड असेल तर छोटे तुकडे मारायचे आणि प्रत्येक तुकडा मागच्या दिशेने आणायचा, म्हणजे काम पुढे सरकतं पण रॉड मागे येतो. आतल्या बाजूचं वेल्डिंग सगळ्यात जास्त ओढतं हे लक्षात ठेवा.

आणि गरजेपेक्षा जाड वेल्डिंग करू नका ना राव! लोकांना वाटतं ढीग केला की मजबूत. कोपऱ्यातल्या जोडाची ताकद त्याच्या गळ्यावर, म्हणजे कोपऱ्यापासून तिरकं मोजलेल्या जाडीवर असते, ती पायाच्या (कोपऱ्यापासून पट्टीवर मोजलेल्या वेल्डिंगच्या रुंदीच्या) ०.७ पट. ६ एमएमचा पाय असेल तर गळा ४.२. पाय दुप्पट केला तर ताकद दुप्पट होते पण माल चौपट लागतो, आणि उष्णता नि ओढ त्याच हिशोबाने वाढते. पातळ पट्टीला पट्टीच्या जाडीएवढा पाय भरपूर झाला.

ठिणगी
पोलारिटीवरून (प्लस-मायनस कशाला लावायचं) कालच वाद झाला, निकाल द्या. मी म्हणतो स्टिकला (रॉडच्या वेल्डिंगला) होल्डर प्लसला लावला की खोल जातं. मित्र म्हणतो टिगमध्ये (टंगस्टनच्या टोकाने करतात ते वेल्डिंग) टॉर्च मायनसला असते कारण उष्णता प्लसच्या बाजूला जास्त निर्माण होते, मग स्टिकमध्ये उलटं कसं होईल.

धातुवेडी
दोघंही बरोबर 🙂 टिगमध्ये टंगस्टन वितळत नाही, ते फक्त इलेक्ट्रॉन सोडतं. टंगस्टन मायनसला असलं की इलेक्ट्रॉन जाऊन कामावर आपटतात आणि साधारण दोन तृतीयांश उष्णता कामात जाते. टंगस्टन प्लसला लावलं तर त्याचंच टोक गोळा होऊन लोंबायला लागतं. स्टिकमध्ये रॉड स्वतः वितळतो आणि बहुतेक रॉड मायनसला जास्त वेगाने वितळतात, म्हणजे माल भराभर पडतो आणि खालचं लोखंड कमी खणलं जातं. प्लसला खोल जातं. म्हणून पातळ पत्र्याला ६०१३ होल्डर मायनसला लावून मारतात. ७०१८ मात्र डीसीवर प्लसलाच.

शनिवारचा_मिस्त्री
मिगवाल्यांनी (गनमधून तार सोडून वेल्डिंग करणाऱ्यांनी) पण नोंद घ्या, साधी तार गॅसवर असेल तर गन प्लसला, बिनगॅसची फ्लक्सवाली (आत जोडाचं हवेपासून रक्षण करणारी पावडर असलेली) तार असेल तर बहुतेक गन मायनसला. मशीनच्या आत कनेक्शन बदलावं लागतं. ते न बदलता फ्लक्स तार लावली की नुसते शिंतोडे आणि मग लोक तारेला शिव्या घालतात.

वाकडी_पट्टी
मिगचा विषय निघालाच आहे तर, गॅस चालू असून भोकं पडतात (स्पंजसारखं नाही पण टोचल्यासारखी). फ्लो २५ वर केला तरी तेच.

जुना_फिटर
२५ केला म्हणूनही पडत असतील. १० ते १५ लिटर मिनिटाला पुरे. जास्त सोडला की नोझलच्या तोंडाशी गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आधी बघा : पंखा चालू आहे का, दार उघडं आहे का, नोझलमध्ये शिंतोडे साचलेत का, नोझल कामापासून लांब धरता का. मग माल : गंज, रंग, तेल. घासून चकचकीत केलेल्या तुकड्यावर एकदा मारून बघा, तिथे भोकं नसतील तर दोष मालाचा, असतील तर गॅसचा.

नवा_होल्डर
जीआय (जस्ताचं कोटिंग असलेला लोखंडी) पाइप वेल्ड करायचाय, पांढरा धूर येतो. चालतं ना? उघड्यावरच करतो.

पाटा_तुटला
करतात सगळे.

धातुवेडी
सगळे करतात आणि रात्री फणफणतात. जस्त ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळायच्या खूप आधी. तो पांढरा धूर म्हणजे झिंक ऑक्साइड. काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. वेल्डिंगच्या आधी-नंतर काहीही खाऊन-पिऊन तो टळत नाही, धूर नाकात न जाणं हाच उपाय. जोडापासून दोन्ही बाजूंना इंचभर तरी कोटिंग घासून काढा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, धुरासाठीचा मास्क लावा, कापडी फडकं उपयोगाचं नाही. श्वास लागला तर ताप समजून घरी बसू नका, डॉक्टर गाठा. काम झाल्यावर घासलेल्या जागी झिंकचा रंग द्या, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

आणि याहून वाईट एक आहे. ब्रेक साफ करायचे काही स्प्रे क्लोरीनवाले असतात. त्याने माल पुसून, पूर्ण वाळायच्या आत आर्क लावला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. विषारी वायू आहे तो, थोडासुद्धा घातक. वेल्डिंगच्या आधी पुसायला असे स्प्रे वापरूच नका, असिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या, बाटली लांब ठेवा.

एसएस_वाला
३०४ एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पाइप एमएसच्या प्लेटवर बसवायचाय. दुकानात ३०८ चा रॉड दिला. चालेल?

धातुवेडी
३०८एल हा ३०४ ला ३०४ जोडायला. एमएस मध्ये आलं की ३०९एल. एमएसचं लोखंड मिसळून जोडातलं क्रोम-निकेल पातळ होतं, ३०९ मध्ये ते आधीच जास्त घातलेलं असतं म्हणून पातळ होऊनही पुरतं. ३०८ ने केलं तर जोड कडक होऊन चिरायची शक्यता.

उष्णता कमी ठेवा. एसएस एमएसपेक्षा दीडपटीच्या आसपास पसरतं आणि उष्णता वाहून नेत नाही, म्हणून वाकतं भयंकर. ४२५ ते ८५० अंशाच्या मध्ये जास्त वेळ रेंगाळलं की क्रोम कार्बनला जाऊन चिकटतं आणि कडेला गंजायला लागतं, एल म्हणजे कमी कार्बनचा माल त्यासाठीच असतो. एमएसला वापरलेला वायर ब्रश एसएसवर फिरवू नका, लोखंडाचे कण घुसतात आणि तिथे तांबडे डाग येतात.

ठिणगी
अॅल्युमिनियम डीसी टिगवर का होत नाही? वितळतं तर ६६० लाच.

जुना_फिटर
धातू ६६० ला वितळतो पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशाच्याही वर. आत पाणी झालेलं असतं, वर पिशवी तशीच, आणि तुम्ही वाट बघत बसता तोवर सगळं खाली गळून पडतं. शिवाय लाल होत नाही, त्यामुळे डोळ्याला अंदाज येत नाही. एसी टिगमध्ये अर्ध्या फेऱ्यात ती साय उडते आणि अर्ध्या फेऱ्यात काम तापतं. तार ४०४३ किंवा ५३५६. ६०६१ जातीचं अॅल्युमिनियम वेल्ड होतं, पण टी६ टेंपरचं (तापवून कडक केलेलं) असेल तर जोडाच्या लगत ताकद बरीच पडते, ते धरूनच डिझाइन करा. ७०७५ जातीच्या वाटेला जाऊ नका, थंड होता होता चिरतं.

बीडवाला
पाण्याच्या पंपाची बॉडी, बीडची (कास्ट आयर्नची), कानाला चीर गेलीय. ६०१३ मारला तर परत शेजारीच चिरलं. पंप जुना आहे, नवीन मिळत नाही.

जुना_फिटर
बीडमध्ये कार्बन दोन ते चार टक्के, त्याला लवचिकपणा नाही. साधा रॉड मारला की तो कार्बन जोडात येतो आणि ड्रिल लागणार नाही इतका कडक पट्टा तयार होतो. निकेलचा रॉड घ्या. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना ३ एमएमची भोकं पाडा म्हणजे चीर पुढे पळणार नाही. चिरेवर व्ही आकाराची खाच काढा, तेल मुरलेलं असेल तर हलकं तापवून जाळून पुसून घ्या. मग इंचभरच रन मारायचा, गरम आहे तोवर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, हात लावता येईल इतकं थंड झालं की पुढचा इंच, तोही लांब दुसरीकडे. कंटाळवाणं काम आहे. घाई करणारा चीर वाढवून घेतो.

धातुवेडी
कानाला फार उष्णता येणार नसेल तर मी ब्रेझिंग करीन. बीड वितळवायचंच नाही, ब्राँझची सळी नऊशेच्या आसपास वितळते आणि पकडते. सगळी जागा हळू तापवायची, हळू थंड करायची.

वाकडी_पट्टी
ब्रेझिंग आणि डाग देणं यात फरक काय, दोन्हीत मूळ धातू वितळत नाही ना?

धातुवेडी
नाही वितळत. भरायचा धातू ४५० अंशाच्या खाली वितळत असेल तर सोल्डरिंग, वर असेल तर ब्रेझिंग. तांब्याच्या नळ्यांसारख्या एकात एक बसणाऱ्या जोडात फट महत्त्वाची, ०.०५ ते ०.१५ एमएम. दिव्याची वात तेल ओढते तसा वितळलेला धातू त्या फटीत आपोआप ओढला जातो. फट मोठी झाली की ओढलाच जात नाही. सळी ज्योतीने वितळवू नका, कामाच्या उष्णतेने वितळली पाहिजे. तांब्याला तांबं असेल तर फॉस्फरसवाली सळी फ्लक्सशिवाय चालते, पण तीच सळी लोखंडाला लावू नका, जोड ठिसूळ होतो. लोखंडाला चांदीची सळी आणि फ्लक्स.

पाटा_तुटला
आमचे मामा म्हणतात वेल्डिंगपेक्षा रिव्हेट बरे, चीर गेली तरी एका प्लेटीत थांबते.

जुना_फिटर
मामांना नावं ठेवू नका, त्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगची जहाजं घाईघाईत बांधली, त्यातली काही चिरली. स्केनेक्टडी नावाचं टँकर तर जानेवारी १९४३ मध्ये शांत पाण्यात धक्क्याला उभं असताना जवळजवळ दुभंगलं. चीर एका प्लेटीतून दुसरीत वेल्डिंगमधून सरळ जाते, रिव्हेटमध्ये प्लेटीच्या कडेला अडते. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं, आणि चौकोनी झाकणांच्या कोपऱ्यांत ताण साठत होता. मग पोलाद सुधारलं, कोपरे गोल केले, वेल्डिंग राहिलं.

नवा_होल्डर
आपलं वेल्डिंग आतून बरोबर आहे की नाही हे घरी कळतं का? एक्सरे वगैरे शक्य नाही.

जुना_फिटर
तोडून बघा. त्याच जाडीच्या दोन पट्ट्या टी आकारात ठेवा, फक्त एका बाजूने वेल्ड करा, शिकंज्यात धरा आणि वेल्डिंगच्या बाजूला आडवी करा, म्हणजे मुळाशी ताण येईल. तुटलेल्या तोंडाकडे बघा. मुळाशी पट्टीची सरळ न वितळलेली कड दिसली तर करंट कमी किंवा रॉड कोपऱ्यात पोचलाच नाही. काळे ठिपके म्हणजे स्लॅग, गोल भोकं म्हणजे गॅस. न तुटता नुसती वाकली तर त्या सेटिंगची नोंद करून ठेवा. मी कुठल्याही नवीन रॉडच्या पुडक्याला आधी हेच करतो.

तयार कामावर चीर शोधायची असेल तर लाल डाय पेनेट्रंटचा सेट मिळतो. लाल मारा, थोडं थांबून पुसा, पांढरा मारा, चीर असेल तर लाल रेघ उमटते. वरपर्यंत आलेलीच चीर दिसते, आतली नाही.

शनिवारचा_मिस्त्री
मशीनवर "२०० अँपिअर, ६०%" लिहिलंय, म्हणजे ६०% ताकदीवर वापरायचं का

जुना_फिटर
नाही. दहा मिनिटांत सहा मिनिटं २०० वर चालवा, चार मिनिटं थंड होऊ द्या. सलग चालवायचं असेल तर दीडशेच्या आसपास. उन्हात ठेवलं तर तेवढंही देणार नाही.

बीडवाला
रिकामा डिझेलचा ड्रम कापून टाकी करायचीय, वर्षभर रिकामाच आहे, झाकण उघडं ठेवलं की झालं ना?

धातुवेडी
नाही!! रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा धोक्याचा. सांध्यात आणि गंजात राहिलेलं डिझेल गरम झालं की वाफ होते, आत हवा असतेच, आणि झाकणाच्या भोकातून तो दाब बाहेर पडायला वेळच मिळत नाही. असे ड्रम फुटून माणसं गेली आहेत. साधा नवा पत्रा घ्या.

एसएस_वाला
जाता जाता एक. मोटार लावलेल्या फ्रेमवर वेल्डिंग केल्यापासून बेअरिंग आवाज करतंय. संबंध असू शकतो का? अर्थ क्लॅम्प टेबलाला लावला होता, फ्रेम टेबलावर होती.

जुना_फिटर
असू शकतो. करंटला परत जायला वाट लागते, ती मोटारीच्या शाफ्टमधून बेअरिंगमधून गेली असेल तर गोळ्यांवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. क्लॅम्प नेहमी ज्या तुकड्यावर वेल्ड करताय त्यालाच, जोडाच्या शक्य तितक्या जवळ, रंग घासून. मध्ये बेअरिंग, बिजागरी, साखळी काही येता कामा नये. गाडीवर काम असेल तर बॅटरीच्या वायरी आधी सोडा.

एसएस_वाला
बेअरिंग उघडून बघतो, फोटो टाकतो.